बीएस्सीला असताना फिजिक्सचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प कसा करावा: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी

प्रोजेक्ट म्हटलं की बरेच जण बर्डीवर जातात, एखादं तयार किट विकत घेतात, दिवा लागतो का ते पाहतात आणि फाईल बांधून देतात. गुण मिळतात, पण ते संशोधन नसतं, कारण उत्तर आधीच माहीत असतं. हा लेख वेगळ्या वाटेसाठी आहे: प्रश्न तुमचा, मोजमाप तुमचं, आणि शेवटी हाती येणारा आकडा किती विश्वासाचा हेही तुम्हीच सांगायचं. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दोन-तीन हजार रुपये, एक लॅपटॉप, कॉलेजच्या लॅबचा एक कोपरा आणि चार-पाच महिने एवढ्यात चांगलं काम होतं.

प्रत्येक पायरी नीट कळावी म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. नागपूरच्या घराघरात उन्हाळाभर चालणारा कूलर, आणि त्याची ताटी.

१. विषय नको, प्रश्न ठरवा

"मला कूलरवर काम करायचं आहे" हा विषय झाला. "कोणती ताटी चांगली, वाळ्याची की वूड वूलची (लाकडाच्या बारीक सोलपटांची)?" हा प्रश्न आहे, पण अजून ढिला आहे, कारण "चांगली" म्हणजे काय ते ठरलेलं नाही. मोजता येईल असा प्रश्न असा होतो: हवेचा वेग तोच ठेवला, तर ताटीची जाडी वाढवल्यावर तिची कार्यक्षमता कोणत्या नियमाने वाढते?

कार्यक्षमतेची (पुढे 'का') व्याख्या सोपी आहे:

का = (ताटीआधीच्या हवेचं तापमान − ताटीनंतरच्या हवेचं तापमान) ÷ (ताटीआधीच्या हवेचं तापमान − वेट बल्ब तापमान)

वेट बल्ब तापमान म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जोराच्या वाऱ्यात जिथे स्थिरावतो ते. हवा त्याखाली थंड करणं साध्या कूलरला जमत नाही. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर वेट बल्ब सुमारे २५ अंश येतं. कूलरमधून २९ अंशांची हवा आली, तर कार्यक्षमता १५ ÷ १९, म्हणजे ०.७९.

आता यातलं फिजिक्स. ताटीचा प्रत्येक पातळ थर हवेतली उरलेली तफावत ठरावीक प्रमाणात कमी करतो. म्हणजे (१ − का) हे जाडीबरोबर घातांकी पद्धतीने उतरायला हवं, आणि −लॉग(१ − का) चा जाडीशी आलेख सरळ रेष यायला हवा (इथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग). एका थराला ०.५ आलं, तर दोन थरांना ०.७५ आणि तीन थरांना ०.८७५. आलेख सरळ आला तर नियम टिकला. वाकला तर कशामुळे वाकला हे शोधायचं, आणि संशोधनाचा खरा भाग बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो.

प्रश्न निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. उत्तर आकड्यात येईल का? ते आधी पूर्ण माहीत आहे का? आणि माझ्या साधनांनी तो फरक दिसेल का? तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सुटते, म्हणून पुढची पायरी सावकाश वाचा.

२. काहीही विकत घेण्याआधी अनिश्चिततेचं गणित करा

बाजारात मिळणारा डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान सेन्सर −१० ते ८५ अंशांत ±०.५ अंश अचूकतेचा असतो. वरच्या उदाहरणात तिन्ही तापमानांत एवढी अनिश्चितता धरली आणि आंशिक विकलन करून वर्गांच्या बेरजेचं मूळ काढलं, तर कार्यक्षमता ०.७९ ± ०.०३ येते. वाळ्याची ताटी ०.७९ आणि वूड वूलची ०.७५ देत असेल, तर हा फरक तुम्हाला दिसणारच नाही. महिनाभर मेहनत करून हाती काही लागणार नाही.

उपाय महाग सेन्सर घेण्यात नाही. सूत्रात सगळीकडे तापमानांचे फरक आहेत. त्यामुळे प्रत्येक सेन्सर खऱ्या तापमानापासून किती दूर आहे यापेक्षा ते एकमेकांपासून किती दूर आहेत हे महत्त्वाचं. परस्पर तफावत ०.१ अंशावर आणली, की अनिश्चितता ±०.००७ होते आणि तोच फरक स्पष्ट दिसतो. ती कशी आणायची ते पाचव्या पायरीत आहे.

हेच गणित ऋतूही ठरवून देतं. ऑगस्टमध्ये बाहेर ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना वेट बल्ब सुमारे २८ येतं. छेद फक्त ३ अंशांचा उरतो, आणि त्याच सेन्सरने कार्यक्षमतेत ±०.२ ची अनिश्चितता येते. म्हणजे पावसाळ्यात हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. उलट स्थिर विद्युतचे प्रयोग दमट हवेत फसतात, ते जानेवारीत घ्या.

नागपुरात मान्सून साधारण जूनच्या मध्याला येतो आणि त्याआधीचा बराच काळ उन्हाळी परीक्षेत जातो. परीक्षा संपल्यापासून पहिल्या पावसापर्यंत कधीकधी दोन-तीन आठवडेच मिळतात. म्हणून प्रश्न जानेवारीत ठरवा, बांधणी आणि कॅलिब्रेशन फेब्रुवारीत करा, मार्चमध्ये चाचणी फेरी घ्या. मे महिन्यात फक्त रीडिंग.

३. आधी काय झालंय ते वाचा

याला दोन आठवडे पुरेत, जास्त लांबवू नका. प्रबंधांसाठी शोधगंगा आणि प्रीप्रिंटसाठी (नियतकालिकात छापण्याआधीच्या शोधनिबंधांसाठी) अर्काइव्ह ही दोन्ही ठिकाणं मोफत आहेत. भारतीय विज्ञान अकादमीच्या 'रेझोनन्स' मासिकाचे जुने अंकही मोफत वाचता येतात, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल अशी त्यांची भाषा असते. सरकारी संस्थेत शिकत असाल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली २०२५ पासून बरीच नियतकालिकं खुली झाली आहेत, ग्रंथपालांना विचारा.

प्रत्येक लेखातून चारच गोष्टी वहीत उतरवा: त्यांनी काय मोजलं, कशाने मोजलं, अनिश्चितता किती सांगितली, आणि काय करायचं राहिलं.

४. गाईड, परवानगी आणि कागद

गाईडकडे "सर, काहीतरी प्रोजेक्ट द्या" म्हणून जाऊ नका. एका पानाचा प्रस्ताव घेऊन जा: प्रश्न, पद्धत, लागणारं साहित्य, खर्च, वेळापत्रक, आणि दुसऱ्या पायरीतलं गणित. ते गणित पाहिलं की बहुतेक शिक्षक मनापासून वेळ देतात. आठवड्यातला एक ठरलेला वार आणि वेळ मागून घ्या.

लागणारी कागदपत्रं:

- प्रकल्प प्रस्ताव, एक पान, गाईडच्या सहीचा
- एचओडींमार्फत प्राचार्यांना अर्ज: कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या वेळी, कोणती उपकरणं वापरणार; सुट्टीतही काम करायचं असेल तर तसा स्पष्ट उल्लेख
- कॉलेजचं ओळखपत्र आणि बोनाफाईड
- उसन्या घेतलेल्या उपकरणांची यादी, लॅब असिस्टंटच्या सहीसह
- बाहेरच्या संस्थेत जायचं असल्यास कॉलेजच्या लेटरहेडवर गाईडचं पत्र

शेवटच्या कागदाबद्दल थोडं सविस्तर. नागपुरात व्हीएनआयटी आहे, नीरी आहे, अमरावती रोडवर विद्यापीठाचा पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभाग आहे. पदार्थविज्ञानाचा प्रकल्प असेल आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनसारखी चाचणी हवी असेल, तर पत्रात नमुन्यांची संख्या, प्रत्येकाचं वजन, त्यात काय आहे, ते विषारी किंवा ओलावा शोषणारं आहे का, आणि कोणत्या कोनापासून कोणत्या कोनापर्यंत स्कॅन हवा हे लिहा. "नमुने तपासून द्यावेत" एवढंच लिहिलेलं पत्र टेबलावर पडून राहतं. चाचणीची फी आणि लागणारा वेळ आधी विचारून घ्या, आणि वेळापत्रकात त्या वेळेच्या दुप्पट दिवस धरा.

चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घ्यायचा विचार असेल, तर यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. तिसऱ्या वर्षाच्या आत केलेला असा एक प्रकल्प त्या वर्षाची चांगली तयारी ठरतो.

५. साहित्य, बांधणी, कॅलिब्रेशन

- आर्डुइनो ऊनो किंवा तसाच बोर्ड: १
- डीएस१८बी२०, स्टीलच्या नळीतले वॉटरप्रूफ: ४ (तीन वापरायला, एक राखीव)
- ४.७ किलो-ओहम रेझिस्टर: १
- १२ व्होल्टचा १२० मिलिमीटर कॉम्प्युटर फॅन: १, छोटा फॅन: १
- १२ व्होल्टवर चालणारा छोटा सबमर्सिबल पंप: १
- व्होल्टेज कमीजास्त करता येणारा डीसी पॉवर सप्लाय (लॅबमधला)
- हवेचा वेग मोजणारा, हातात धरायचा वेगमापक (ॲनिमोमीटर), जमल्यास उसना
- प्लायवूड किंवा जाड फोमशीट, आतून १५ × १५ सेंटिमीटरची ६० सेंटिमीटर लांब नळी बनवायला
- वूड वूल, वाळा, जाळी, फोम टेप, मलमल, डिस्टिल्ड वॉटर, थर्मास

घरच्या कूलरचा २३० व्होल्टचा पंप किंवा मोटर वापरू नका. ओलं लाकूड, ओले हात आणि घरगुती वीज हे एकत्र आलं की जीव जाऊ शकतो. पाण्याजवळ जे काही असेल ते १२ व्होल्टचंच असू द्या, आणि पॉवर सप्लाय पाण्यापासून निदान एक मीटर दूर, टेबलावर.

सगळे सेन्सर एकाच डेटा वायरवर चालतात, कारण प्रत्येकाला स्वतःचा ६४ बिटांचा पत्ता असतो. ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर डेटा आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये एकच लागतो, तो विसरला की सेन्सर सापडत नाहीत. प्रत्येक सेन्सरचा पत्ता वाचून त्याच्या वायरवर चिकटपट्टीने क्रमांक लावा. १२ बिटांवर एका रीडिंगला ७५० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दर १० सेकंदांनी नोंद पुरेशी. फाईलमध्ये कधी नेमकं ८५.० दिसलं तर ते हवेचं तापमान नाही. सेन्सर नुकताच चालू झाला, रूपांतर झालंच नाही, असा त्याचा अर्थ. −१२७ दिसलं तर वायर सुटली आहे. प्रोग्राममध्येच या दोन आकड्यांवर खूण करा, सरासरीत ते मिसळले तर नंतर शोधणं कठीण जातं.

कॅलिब्रेशनवर पूर्ण दोन दिवस द्या. चारही सेन्सरची टोकं रबरबँडने एकत्र बांधा, थर्मासमधल्या पाण्यात बुडवा, ढवळा, दहा मिनिटं थांबा आणि पाच मिनिटांची रीडिंग घ्या. हे सुमारे २५, ३५ आणि ४५ अंशांवर करा. प्रत्येक सेन्सर चौघांच्या सरासरीपासून किती दूर आहे ते काढा आणि पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून तेवढं वजा करा. परस्पर तफावत ०.१ अंशावर येते ती इथे. बाजारात नकली सेन्सरही बरेच आहेत. एखादा तिन्ही तापमानांवर वेगवेगळी तफावत दाखवत असेल तर तो बाजूला ठेवा.

खरं तापमानही तपासायचं असेल, तर शून्यासाठी बर्फाचा बारीक चुरा आणि थोडंसंच डिस्टिल्ड वॉटर, दाट गिचका व्हायला हवा. वर बर्फ तरंगतोय आणि खाली नुसतं पाणी, असं असेल तर तळाशी ४ अंशांच्या आसपास दिसेल. उकळत्या पाण्याला १०० धरू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं.

पुस्तकातला आकडा आणि नागपूरचा आकडा यांतला असाच फरक गुरुत्वत्वरणातही आहे. आपलं अक्षांश आणि उंची धरली तर इथे गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. लंबकाने ९.७९ ± ०.०१ मिळवलेला विद्यार्थी ९.८१ शी तुलना करून स्वतःच्या चांगल्या कामाला चूक ठरवतो, हे दरवर्षी होतं. लंबकाचाच प्रकल्प घेत असाल तर झोका लहान ठेवा. २० अंशांच्या झोक्याला आवर्तकाल ०.७७ टक्क्यांनी वाढतो आणि गुरुत्वत्वरणात दीड टक्का चूक येते.

६. मांडणीत कुठे फसायला होतं

पंखा नळीच्या शेवटच्या टोकाला, हवा ओढून घेईल असा बसवा. ताटीनंतरचा सेन्सर पंख्याच्या आधी हवा. पंखा त्याच्या आधी आला तर मोटारीची उष्णता मोजमापात येते: ३ वॉट आणि सेकंदाला १ मीटर वेग असेल, तर या नळीत हवा सुमारे ०.१ अंशाने तापते. एवढ्या कष्टाने मिळवलेली अचूकता तिथेच निघून जाते.

ताटीनंतरच्या सेन्सरवर पाण्याचे थेंब उडाले, तर तो हवेचं तापमान न दाखवता वेट बल्ब दाखवू लागतो. कार्यक्षमता ०.९८ किंवा १ च्याही वर गेली की आनंदून जाऊ नका, आधी सेन्सर ओला आहे का पाहा. तो ताटीपासून निदान २० सेंटिमीटर मागे ठेवा आणि मध्ये एक कोरडी जाळी लावा.

वेट बल्बला नळीतला १ मीटर प्रति सेकंद वेग कमी पडतो, तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. त्याला वेगळ्या अरुंद पाईपमध्ये ठेवा आणि छोट्या फॅनने ३ मीटर प्रति सेकंद किंवा अधिक वेगाची हवा द्या. ती हवा बाहेरचीच हवी, ताटीतून आलेली नको. मलमल डिस्टिल्ड वॉटरनेच भिजवा. नळाच्या पाण्याचा क्षार साचला की फडकं कडक होतं आणि पाणी वर चढत नाही.

ताटीचा प्रत्येक थर वजन करून सारखा करा, उदाहरणार्थ २ सेंटिमीटर जाडीला २० ग्रॅम वूड वूल. हाताने "अंदाजे" भरलेल्या थरांची तुलना होत नाही. कडेच्या फटी फोम टेपने पूर्ण बंद करा. आणि सगळ्यात मोठा सापळा: थर वाढवला की हवेला अडथळा वाढतो आणि वेग आपोआप कमी होतो. मग कार्यक्षमता वाढलेली दिसते, पण ती जाडीमुळे की कमी वेगामुळे हे सांगता येत नाही. दर वेळी थर बदलल्यावर नळीच्या तोंडाशी पाच जागी वेग मोजा आणि पंख्याचं व्होल्टेज बदलून सरासरी वेग पुन्हा पहिल्याइतका करा. वेगमापक नसेल तर हा प्रकल्प घेऊच नका, दुसरा प्रश्न शोधा.

७. रीडिंग आणि वही

पंप सुरू केल्यावर टाकीतलं पाणी वेट बल्बच्या जवळ यायला वेळ लागतो. निदान अर्धा तास जाऊ द्या, आणि ताटीनंतरचं तापमान दहा मिनिटांत ०.१ अंशापेक्षा कमी हललं की मगच नोंदी धरा.

सकाळी एक थर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन असं करू नका. दिवसभरात तापमान आणि आर्द्रता बदलतात आणि तो बदल थरांच्या बदलात मिसळतो. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा: ३, १, २, २, ३, १. प्रत्येक जाडीला निदान चार वेगवेगळ्या दिवसांची फेरी हवी. एका तासात ३६० नोंदी मिळाल्या म्हणून अनिश्चितता ३६० च्या वर्गमुळाने कमी होत नाही, कारण सेन्सर सावकाश बदलतो आणि लागोपाठच्या नोंदी एकमेकींवर अवलंबून असतात. एक फेरी म्हणजे एक आकडा, असं धरणं सुरक्षित.

वही कागदाची, पानांना क्रमांक घातलेली, पेनने लिहिलेली. तारीख, वेळ, आकाश स्वच्छ की ढगाळ, कोणते सेन्सर, कोणता थर, पंख्याचं व्होल्टेज, फाईलचं नाव. चुकलेलं खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारून बाजूला कारण लिहा. लाईट गेली तर किती वाजता गेली तेही लिहा. फाईल प्रत्येक ओळीनंतर जतन होईल असा प्रोग्राम ठेवा आणि रोज रात्री दुसऱ्या जागी प्रत करा. मूळ फाईलला हात लावायचा नाही, दुरुस्त्या प्रतीत.

८. विश्लेषण

पायथॉन आणि मॅटप्लॉटलिब पुरेसे आहेत. एक्सेल वापरलं तरी चालेल, पण आलेखावर एरर बार हवेतच.

इथे एक बारीक गोष्ट आहे. −लॉग(१ − का) ची अनिश्चितता म्हणजे कार्यक्षमतेची अनिश्चितता भागिले (१ − का). कार्यक्षमता ०.५ असताना ±०.०१ ची ±०.०२ होते, पण ०.८७५ असताना तीच ±०.०८ होते. म्हणजे जाड ताटीचे बिंदू कमी विश्वासाचे. सगळ्या बिंदूंना सारखं वजन देऊन रेष काढली तर नेमके कच्चे बिंदू रेषेला ओढतात. वजनासह फिट करा, आणि नंतर प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर पडला याचा वेगळा आलेख काढा.

तो आलेख जाड थरांकडे खाली वाकत असेल, तर पहिला संशय फटींवर घ्या. ५ टक्के हवा ताटीला न शिवता जात असेल, तर कितीही थर लावले तरी कार्यक्षमता ०.९५ च्या पुढे जात नाही. गळती हा एक अज्ञात आकडा धरून पुन्हा फिट करा, मग फटी मुद्दाम मोकळ्या करून तो आकडा वाढतो का ते पाहा. असा एक पडताळा दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा मोलाचा असतो.

आपल्याला हवी तशी रेष यावी म्हणून बिंदू वगळू नका. वगळायचाच असेल तर वहीत त्या दिवशी नोंदलेलं कारण हवं.

९. अहवाल आणि पुढे कुठे

अहवाल पंधरा पानांत बसतो. आधी आलेख आणि तक्ते तयार करा, मग पद्धत, मग निष्कर्ष, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पद्धत इतकी स्पष्ट लिहा, की पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तुम्हाला फोन न करता तीच नळी बांधता यावी. उचललेली वाक्यं आणि उचललेले आकडे हे दोन्ही चोरीच. व्हायवात "हा सेन्सर असा का ठेवला?" या पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

अहवाल झाला की तो कपाटात ठेवू नका. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट असतो. तारखांसाठी जुलैपासूनच कॉलेजच्या समन्वयकाच्या संपर्कात राहा. पोस्टरवर एकच मोठा आलेख ठेवा आणि त्याचे एरर बार दोन मीटरवरून दिसू द्या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा नियस कार्यक्रम आणि देशाच्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप या दोन्हींसाठी अर्ज करताना "मला संशोधनाची आवड आहे" या वाक्यापेक्षा तुमची नळी, तुमचा आलेख आणि त्यावरची अनिश्चितता जास्त बोलते. फेलोशिपच्या अर्जाच्या तारखा आधीच पाहून ठेवा, मे महिन्यातल्या रीडिंगचा अहवाल दिवाळीच्या आत पूर्ण करा, आणि शिफारसपत्रासाठी गाईडना निदान पंधरा दिवस आधी सांगा, सोबत अहवालाची प्रत देऊन.